चित्रातला हातबॉम्ब १९१४ चा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पहिल्या महायुद्धाच्या आरंभावर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि ऑगस्ट १९१४ मधील बेल्जियमवरच्या आक्रमणाचा क्रम त्यात नीट मांडला आहे. मात्र सोबतच्या चित्रात लिएजच्या किल्ल्यांवर चालून जाणाऱ्या जर्मन सैनिकांच्या कमरपट्ट्याला लांब लाकडी दांड्याचे हातबॉम्ब अडकवलेले दाखवले आहेत, आणि मजकुरातही हा दांड्याचा बॉम्ब युद्धाच्या पहिल्या दिवसापासून जर्मन पायदळाच्या हाती होता असे विधान आहे. हे दोन्ही चुकीचे आहे. दांड्याचा बॉम्ब १९१५ मध्ये सैन्यात आला. १९१४ मध्ये जर्मनांकडे होता तो बिडाचा, मुठीत जेमतेम मावणारा गोळा, आणि तोही पायदळाकडे नव्हे तर पायोनियर पलटणींकडे, म्हणजे किल्ले आणि वेढ्याचे काम करणाऱ्या सैनिकी अभियंत्यांकडे. चूक एका वर्षाची दिसते, पण त्याच वर्षात या हत्यारामागचा सगळा विचार पालटला. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

हातबॉम्ब ही जुनी वस्तू आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपातल्या सैन्यांत तो फेकण्यासाठी उंच, दणकट माणसांच्या खास तुकड्या असत आणि त्यांना ग्रेनेडियर म्हणत. पुढे बंदुकीचा पल्ला वाढत गेला, तसा मोकळ्या रणांगणावर हाताने बॉम्ब फेकण्याइतके जवळ जाणे अशक्य झाले. तुकड्यांचे नाव आणि मान टिकला. बॉम्ब मात्र किल्ल्यांच्या कोठारांत जाऊन पडला. प्रशियाच्या ग्रेनेडियर पलटणी एकोणिसाव्या शतकभर ते नाव मिरवत होत्या, पण लढत होत्या त्या इतर पायदळासारख्या बंदुकांनीच.

हे चित्र बदलले ते रशिया-जपान युद्धाने. १९०४-०५ मध्ये पोर्ट आर्थरच्या वेढ्यात दोन्ही बाजू एकमेकांच्या इतक्या जवळ खंदक खणून बसल्या की रायफल आणि तोफ दोन्ही अपुऱ्या पडल्या. सैनिकांनी हाताशी सापडेल त्या डब्यांत, नळकांड्यांत आणि तोफगोळ्यांच्या रिकाम्या कवचांत स्फोटक भरून ते एकमेकांवर फेकले. युरोपातल्या बहुतेक देशांचे लष्करी निरीक्षक तेथे हजर होते आणि सगळ्यांनी आपापल्या देशात अहवाल पाठवले. त्या अहवालांचा सर्वांत गंभीरपणे विचार झाला तो जर्मनीत, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. जर्मन सैन्याच्या योजनेत फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमेवरचे काँक्रीटचे किल्ले लवकरात लवकर फोडणे अटळ होते. किल्ल्याच्या खंदकात उतरलेल्या, तटाच्या कोनाड्यात दबा धरून बसलेल्या शत्रूपर्यंत पोचायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातूनच जवळच्या पल्ल्याचे मीनेनव्हेर्फर, म्हणजे खंदकी उखळी तोफा, तयार झाल्या आणि त्यातूनच नव्या हातबॉम्बचे काम हाती घेतले गेले. दोन्ही हत्यारे पायोनियरांकडे सोपवली गेली, कारण वेढ्याचे काम त्यांचे होते.

या प्रयत्नांचे फळ म्हणजे १९१३ चा कुगेलहांडग्रानाटे, म्हणजे गोळ्याच्या आकाराचा हातबॉम्ब. सुमारे ८ सेंटिमीटर व्यासाचा आणि जवळपास एक किलो वजनाचा हा बिडाचा गोळा होता. बाहेरून त्यावर खोबणी पाडून चौकटी केलेल्या होत्या, म्हणजे स्फोट झाल्यावर कवचाचे ठरावीक आकाराचे तुकडे व्हावेत. आतले स्फोटक काळ्या दारूच्या जातीचे, तोफगोळ्यात वापरल्या जाणाऱ्या स्फोटकांच्या मानाने बरेच मंद. वर बसवलेल्या पेटवणीची तार ओढली की घर्षणाने ठिणगी पडे, आतली वात काही सेकंद जळे आणि मग स्फोट होई. धडधाकट माणूस तो फार तर पंधरा-वीस मीटर फेकू शके, आणि बिडाच्या किरचा त्याहून लांब उडत. साहजिकच फेकणाऱ्याला स्वतःला आडोसा हवाच. किल्ल्याच्या भिंतीआडून खालच्या खंदकात टाकायला हा गोळा योग्य होता. उघड्या मैदानावरून धावत जाऊन फेकायला तो बनवलेलाच नव्हता. ज्या कामासाठी त्याची आखणी झाली होती ते लक्षात घेतले, तर त्याच्या आकारातली एकही गोष्ट उगाच केलेली वाटत नाही.

युद्ध सुरू झाले तेव्हा जर्मनीकडे सुमारे ७०,००० हातबॉम्ब आणि एक लाखाहून अधिक रायफल ग्रेनेड (रायफलमधून डागायचे बॉम्ब) होते, असा आकडा या विषयावरील लेखनात सर्रास दिला जातो. पुढे जे घडले त्याच्या मानाने हा साठा किरकोळ होता, पण इतरांच्या मानाने मोठा होता. ब्रिटिशांकडे १९०८ मध्ये स्वीकारलेला 'नंबर १' बॉम्ब होता, तोही थोड्या संख्येने. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण आपल्या लेखात दांड्याची कल्पनाच जर्मन असल्याचे सूचित झाले आहे: या ब्रिटिश बॉम्बला सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचा वेताचा दांडा होता. तो आपटल्याबरोबर फुटणारा होता, आणि तीच त्याची अडचण ठरली. अरुंद खंदकात हात मागे नेला की बॉम्ब मागच्या मातीच्या भिंतीवर आपटण्याचा धोका असे, आणि तसे अपघात झाले. पुढे दांडा आखूड करावा लागला. म्हणजे दांडा आधी ब्रिटिशांकडे होता; जर्मनांनी तो नंतर घेतला, पण त्याला वेगळ्या प्रकारच्या पेटवणीची जोड दिली.

१९१४ च्या शरद ऋतूत पश्चिम आघाडी जागच्या जागी थिजली आणि किल्ल्यांसाठी बनवलेले हत्यार एकाएकी शेकडो किलोमीटरच्या खंदकांत हवेसे झाले. याची झळ भारतीय सैनिकांनाही बसली, आणि मराठी वाचकांपुढे हा भाग यावा असे मला मनापासून वाटते. ऑक्टोबर १९१४ पासून भारतीय कोअर फ्रान्समध्ये लढत होती. तिच्या सैनिकांना हातबॉम्बचे शिक्षण नव्हते आणि पुरवठाही जवळपास नव्हता. समोर मात्र ते चालवण्यात तरबेज असलेले जर्मन पायोनियर होते. २३-२४ नोव्हेंबरच्या रात्री फेस्तुबेरजवळ गमावलेले खंदक परत घेताना ३९ व्या गढवाल रायफल्सचे नाईक दरवानसिंग नेगी जखमी असूनही खंदकाच्या प्रत्येक वळणावर पुढे घुसत राहिले. त्यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात अगदी जवळून होणाऱ्या बॉम्ब आणि रायफलींच्या माऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या रात्रीचे जर्मन बॉम्ब दांड्याचे असणे शक्य नव्हते. आपल्या चित्रातली चूक त्यामुळे केवळ जर्मनांच्या इतिहासापुरती राहत नाही.

तो हिवाळा तात्पुरत्या बॉम्बचा होता. ब्रिटिश आणि भारतीय सॅपर (सैन्यातले अभियंते) जॅमच्या रिकाम्या डब्यांतून बॉम्ब बनवत होते, फ्रेंच सैनिक लाकडी फळीच्या तुकड्याला स्फोटक बांधून ते फेकत होते, आणि जर्मनही यात मागे नव्हते. सपाट दांडीला स्फोटकाची डबी तारेने आवळलेले त्यांचे असे नमुने संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात. माझ्या मते दांड्याच्या बॉम्बचा खरा जन्म या कामचलाऊ नमुन्यांत आहे. कोणा एका संशोधकाला त्याचे श्रेय देणे योग्य होणार नाही. आघाडीवरच्या पायोनियरांनी जे आपापल्या परीने करून पाहिले, तेच नंतर मागच्या कारखान्यांनी नीट आखून हजारोंच्या संख्येने बनवले.

१९१५ मध्ये दोन गोष्टी समांतर चालल्या. एकीकडे जुना गोळा सोपा करण्यात आला: त्याच्या पृष्ठभागावरच्या खोबणींची रचना साधी झाली, म्हणजे ओतकाम झटपट व्हावे. दुसरीकडे श्टीलहांडग्रानाटे, म्हणजे दांड्याचा बॉम्ब, सैन्यात दाखल झाला. पोलादी पत्र्याचा नळकांड्यासारखा डबा, त्यात स्फोटक, आणि त्याला जोडलेला पोकळ लाकडी दांडा, एवढीच त्याची बांधणी. वजन पाऊण किलोहून थोडे जास्त, म्हणजे गोळ्याहून फार कमी नाही. तरीही सराव असलेला सैनिक तो तीस मीटर किंवा त्याहून लांब टाकू शके. गोफणीने दगड लांब जातो त्याचे कारणच येथेही लागू आहे: हाताची लांबी वाढली की टोकाचा वेग वाढतो. शिवाय दांड्यामुळे बॉम्ब पडल्या जागी राहतो, उतारावरून गडगडत फेकणाऱ्याकडे परत येत नाही. वोस्जेसच्या डोंगराळ आघाडीवर हा गुण लहानसा नव्हता.

पत्र्याच्या कवचाकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण बिडाऐवजी पत्रा वापरण्यामागे दोन वेगळी कारणे एकत्र आली होती. पहिले कारण लढाईचे. पातळ पत्र्याच्या किरचा फार लांब जात नाहीत. मारा होतो तो मुख्यतः स्फोटाच्या दाबाने आणि तो थोड्या मीटरांच्या परिसरात. त्यामुळे आडोसा नसलेला, चाल करून जाणारा सैनिकही तो टाकून लगेच पुढे धावू शकतो. खंदकासारख्या बंदिस्त जागेत किंवा जमिनीखालच्या निवाऱ्यात मात्र हाच दाब भयंकर ठरतो. दुसरे कारण कारखान्याचे. ब्रिटिश नाकेबंदीने तांबे आणि पितळ दुर्मिळ झाले होते, आणि चिलीतून येणारा सोरा बंद झाल्याने स्फोटकांचीही ओढाताण होती. लेथवर कातलेला दांडा आणि दाबून वळवलेला पत्रा यांसाठी मौल्यवान धातू लागत नव्हता, आणि अशी कामे शस्त्रास्त्रांशी संबंध नसलेल्या लहान कारखान्यांतही होऊ शकत होती. हातबॉम्बची मागणी महिन्याला लाखांच्या घरात जाऊ लागली तेव्हा ही बांधणी निर्णायक ठरली. जर्मन अभियंत्यांच्या कौशल्याचे कौतुक करताना या टंचाईचा उल्लेख गाळला, तर अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

पेटवणीतही तीच काटकसर दिसते. बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांचा बॉम्ब त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात आला. त्यात स्प्रिंग, खटका आणि पिन होती. पिन काढल्यावरही खटका दाबून धरला असेल तोवर वात पेटत नसे. जर्मन बॉम्बमध्ये असे काही नव्हते. दांड्यातून गेलेली दोरी ओढली की घर्षणाने वात पेटली, आणि मग तो फेकण्यावाचून पर्याय नाही. यंत्रभाग कमी, म्हणून खर्च कमी. पण सैनिकाला मन बदलण्याची सोय नाही. सुरुवातीच्या नमुन्यांत ही दोरी दांड्याच्या बाजूने बाहेर लोंबत असे आणि कागदी पट्टीने चिकटवलेली असे. काटेरी तारा, झुडपे आणि अंधार यांतून सरपटणाऱ्या माणसाच्या कमरेला अशी दोरी असणे किती धोक्याचे, हे सांगायला नको. पुढच्या सुधारणांत दोरी दांड्याच्या आत गेली, तिच्या टोकाला चिनी मातीचा मणी आला आणि तळाला आट्यांचे धातूचे टोपण बसले. १९१७ पर्यंतची सर्वांत मोठी सुधारणा म्हणून मी या टोपणाकडे बोट दाखवीन, कारण त्याने दोरी अडकण्याचा धोका संपवला आणि दमट खंदकात पेटवणीला संरक्षणही दिले.

वात किती सेकंदांची असावी हा वाद शेवटपर्यंत चालला. दांड्यावर 'साडेपाच सेकंद' किंवा 'सात सेकंद' असा छाप असे. सात सेकंद हा लांबचा काळ आहे. पडलेला बॉम्ब उचलून परत फेकण्याइतका. वात आखूड केली तर फेकणाऱ्याच्या जिवाला धोका, लांब ठेवली तर शत्रूला संधी. डब्यावर आणखी एक ओळ छापलेली असे: वापरण्यापूर्वी डिटोनेटर (मुख्य स्फोटक पेटवणारी छोटी स्फोटक टोपी) बसवावा. डिटोनेटर वेगळा नेण्याची ही पद्धत वाहतुकीतले अपघात टाळण्यासाठी होती, पण घाईत तो बसवायचा राहून गेलेला बॉम्ब निरुपयोगी ठरे. ती ओळ छापावी लागली यावरूनच काय होत असे याची कल्पना येते.

वातीचा हा पेच कायमचा सोडवण्याचा एक प्रयत्न म्हणजे १९१५ चा डिस्कुसहांडग्रानाटे, तबकडीच्या आकाराचा बॉम्ब. त्यात वात नव्हतीच. आत ताऱ्यासारख्या रचनेत नळ्या बसवल्या होत्या. तबकडी फिरत जाऊन कडेवर आपटली की आतला आघात-खिळा सरकून स्फोट व्हावा, अशी योजना होती. चढाईसाठी पातळ पत्र्याचा मोठा आणि बचावासाठी बिडाचा लहान असे दोन प्रकार केले गेले. कागदावर कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात फ्लँडर्सच्या चिखलात तबकडी सपाट पडली की काहीच होत नसे, आणि तशी पडून राहिलेली तबकडी नंतर हात लावणाऱ्या कोणाच्याही जिवावर उठू शके. ती लवकरच मागे पडली. दांड्याच्या बॉम्बचाही आघाताने फुटणारा प्रकार करून पाहिला गेला, पण वातीच्या साध्या पेटवणीला तो हटवू शकला नाही.

युद्धाच्या उत्तरार्धात आयरहांडग्रानाटे, म्हणजे अंड्याच्या आकाराचा बॉम्ब आला. वजन ३०० ग्रॅमच्या थोडे वर, कवच बिडाचे. तो चाळीस मीटरच्याही पुढे जाई आणि सैनिक खिशात कितीतरी नेऊ शके. स्फोटक थोडे असल्याने परिणाम मर्यादित होता. त्याच्या गुळगुळीत कवचाला पुढे मध्यावर पट्टा आला, बहुधा ओल्या हातातून निसटू नये म्हणून.

या सगळ्या वस्तूंना अर्थ आला तो त्या वापरणाऱ्या नव्या तुकड्यांमुळे. मार्च १९१५ मध्ये मेजर काल्सो यांच्या हाताखाली एक प्रायोगिक हल्ला-तुकडी उभी राहिली, आणि त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस तिची सूत्रे कॅप्टन विली रोर यांच्याकडे आली. रोर यांनी वोस्जेसमध्ये आपल्या माणसांना छोट्या गटांत, रायफल पाठीला आणि बॉम्बच्या पिशव्या गळ्यात अडकवून लढायला शिकवले. खंदकाचे एक वळण बॉम्बने रिकामे करायचे, त्यात शिरायचे, मग पुढचे वळण. फेब्रुवारी १९१६ मध्ये व्हेर्दूनवर ही पद्धत वापरली गेली आणि नंतर ती सर्व जर्मन सैन्यात पसरली. मजबूत निवारे किंवा पुढे रणगाडे समोर आले, तेव्हा एका दांड्याच्या बॉम्बभोवती इतर सहा बॉम्बचे डबे आवळून एकच मोठा भार करण्याची युक्तीही रूढ झाली. किल्ल्याच्या भिंतीआडून टाकायचा १९१३ चा गोळा आणि धावत्या गटाच्या हातातला १९१७ चा दांडा यांच्यामध्ये अवघी चार वर्षे आहेत. त्या चार वर्षांत पायोनियरांचे एक खास साधन प्रत्येक पायदळ सैनिकाचे रोजचे हत्यार झाले होते.

आपल्या चित्रकाराची गफलत कुठून झाली असावी याचाही अंदाज येतो. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो तो १९२४ चा नमुना, जो व्हर्सायच्या तहाने लहान केलेल्या जर्मन सैन्याने स्वीकारला आणि जो दुसऱ्या महायुद्धात सर्वत्र दिसला. तो पहिल्या महायुद्धातल्या बॉम्बपेक्षा हलका आहे, आणि त्याच्या डब्याला कमरपट्ट्यात अडकवण्याचा आकडा नाही. १९१५-१७ च्या नमुन्यांना तो असे. ही एक खूण लक्षात ठेवली तरी छायाचित्रांच्या तारखा तपासताना बरीच मदत होते. विशेष म्हणजे दुसऱ्या महायुद्धात याच पत्र्याच्या डब्यावर चढवायला किरचांसाठी वेगळे धातूचे कडे देण्यात आले. १९१३ च्या गोळ्यात जे होते आणि १९१५ च्या दांड्यात सोडून दिले होते, ते गरजेनुसार जोडता येईल अशा रूपात परत आणावे लागले.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. संकेतस्थळावरील लेखात दुरुस्ती करून दांड्याच्या बॉम्बचे साल १९१५ असे द्यावे आणि १९१४ चे हत्यार म्हणून बिडाच्या गोळ्याचा, पायोनियर तुकड्यांच्या उल्लेखासह, निर्देश करावा. तसेच या मालिकेतील पुढच्या लेखांसोबत शस्त्रांची चित्रे छापताना त्याखाली नमुन्याचे नाव आणि सैन्यात दाखल झाल्याचे साल अवश्य द्यावे. आपल्याकडे युद्धेतिहासाचे विद्यार्थी वाढत आहेत, मराठीत या विषयावरचे साहित्य थोडे आहे, आणि वर्तमानपत्रातले चित्र त्यांच्या वहीत जसेच्या तसे उतरते.

आपला नम्र,
युद्धेतिहासाचा एक वाचक